एकट्या गोळ्याभोवती काय घडते, हे आधी विचारावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘आइन्स्टाईन चुकले’, ‘गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत सापडला’ अशा मथळ्यांच्या बातम्या वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळतात, आणि मधल्या काळात कृष्णविवराची एखादी प्रतिमा प्रसिद्ध झाली की ‘आइन्स्टाईन पुन्हा बरोबर ठरले’ असाही मथळा येतो. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवले आणि त्यातला बराच काळ याच विषयाच्या समीकरणांत गेला, म्हणून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. या दोन्ही प्रकारच्या बातम्यांत वाचकाला खरे-खोटे जोखायला उपयोगी पडेल असा प्रश्नच गाळलेला असतो. तो प्रश्न असा: अवकाशात एकटीच असलेली, गोल, न फिरणारी वस्तू घेतली, तर तिच्याभोवती काय घडेल असे हा सिद्धांत सांगतो?

गेल्या वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत प्रदर्शन होते आणि मला पाहुणा म्हणून बोलावले होते. नववीच्या मुलांनी एक सोलापुरी चादर चारी बाजूंनी घट्ट ताणून धरली होती, मधोमध गोळाफेकीचा लोखंडी गोळा ठेवला होता, आणि कडेने गोट्या सोडून त्या गोळ्याभोवती कशा वळतात हे ती दाखवत होती. माझे वडील यंत्रमागावर चादरीच विणत, त्यामुळे जेकार्डच्या उठावदार फुलात गोटी अडखळते का याकडेच माझे आधी लक्ष गेले, आणि ती अडखळत होती. तेवढ्यात एका मुलीने गोळा हाताने किंचित उचलून खाली सोडला, पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. चादरीच्या कडेला खूण म्हणून ज्वारीचे दाणे मांडले होते. ते चारी बाजूंना एकाच वेळी उडाले. मुले हसली. तिने मात्र गंभीरपणे विचारले, की सर, सूर्य असा फुगला-आकसला तर पृथ्वीलाही असा हिसका बसेल का? फलकावर ‘आइन्स्टाईन यांचे गुरुत्वाकर्षण’ असे लिहिले होते, आणि आइन्स्टाईन यांच्या सिद्धांताचे या प्रश्नाला उत्तर ‘बसणार नाही’ असे आहे.

गोल वस्तूला या शास्त्रात एवढे महत्त्व असण्याचे एक कारण उघड आहे, ते म्हणजे सूर्य, ग्रह आणि तारे जवळपास गोलच असतात. दुसरे कारण गणिताचे आहे: गोल कोणत्याही दिशेने फिरवला तरी तसाच दिसतो, त्यामुळे समीकरणांतली बहुतेक अज्ञाते गळून पडतात. न्यूटन यांनी १६८७ साली दाखवून दिले होते, की गोलाचे बाहेरच्या वस्तूवरचे आकर्षण जणू त्याचे सगळे वस्तुमान केंद्रबिंदूत एकवटले आहे असेच असते. आइन्स्टाईन यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांताची क्षेत्रसमीकरणे २५ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनच्या प्रशियन अकादमीपुढे मांडली. एकमेकांत गुंतलेली ती दहा समीकरणे आहेत, आणि त्यांची नेमकी उकल इतक्या सोप्या रूपात मिळेल असे खुद्द आइन्स्टाईन यांनाही वाटले नव्हते. पॉट्सडॅम वेधशाळेचे संचालक कार्ल श्वार्झशिल्ड त्या वेळी जर्मन सैन्यातून रशियाच्या आघाडीवर होते. तेथून त्यांनी २२ डिसेंबर १९१५ रोजी पत्र लिहून आइन्स्टाईन यांना उकल कळवली. समीकरणे मांडून महिनाही झाला नव्हता. पुढच्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, आघाडीवर जडलेल्या त्वचेच्या दुर्धर आजाराने ते गेले.

त्या उकलीत दोनच फलने शोधावी लागतात, एक घड्याळे किती मंद चालतात हे सांगणारे आणि दुसरे केंद्राच्या दिशेने मोजलेली अंतरे किती ताणली जातात हे सांगणारे, आणि दोन्ही केवळ केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असतात. कागद, पेन्सिल आणि चिकाटी असेल तर एमएस्सीचा विद्यार्थी हे गणित दोन दिवसांत पुरे करतो. मी ते अनेकांकडून फळ्यावर करून घेतले आहे. बुधाची कक्षा शतकात ४३ विकलांनी जादा का सरकते याचे उत्तर त्यातून नेमके मिळते, एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे विकला. उकलीत एक खास त्रिज्याही येते: सूर्यासाठी ती सुमारे ३ किलोमीटर आहे आणि पृथ्वीसाठी सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे सगळी पृथ्वी एका गोटीएवढी दाबली तर तिचे कृष्णविवर होईल.

या उकलीविषयीची सर्वांत मोलाची गोष्ट १९२३ साली अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी मांडली, आणि नॉर्वेच्या येब्सेन यांनी तीच दोन वर्षे आधी सिद्ध केलेली होती, हे अलीकडे अनेक पाठ्यपुस्तकांतही नोंदवले जाते. रिकाम्या अवकाशात गोलीय सममिती असलेली उकल एकच आहे, श्वार्झशिल्ड यांची, आणि ती काळानुसार बदलत नाही, असे हे प्रमेय सांगते. तारा फुगो, आकसो किंवा धडधडो. तो गोल राहिला आणि त्याचे वस्तुमान तेवढेच राहिले, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणावरून बाहेरच्याला त्याचा काहीही पत्ता लागणार नाही. म्हणजे फलकावर लिहिल्याप्रमाणे खरोखर आइन्स्टाईन यांचे गुरुत्वाकर्षण असते, तर ज्वारीचे ते दाणे जागचे हलायला नको होते.

चादर ज्या नियमाने वागते तो वेगळा आहे. ताणलेल्या कापडाच्या प्रत्येक ठिकाणी एकच संख्या सांगावी लागते, ते ठिकाण किती खाली गेले एवढी. अशा एका संख्येने ज्याचे वर्णन पुरे होते त्याला अदिश क्षेत्र म्हणतात, आणि अदिश क्षेत्रात मधला गोळा खालीवर होताच गोल लहरी बाहेर पडतात. आइन्स्टाईन यांच्या गुरुत्वाकर्षणात असे क्षेत्र नाही. ज्यांना सुधारित गुरुत्व सिद्धांत म्हणतात त्यांतल्या पुष्कळांत मात्र ते असते: कार्ल ब्रान्स आणि रॉबर्ट डिके यांनी १९६१ साली ते उघडपणे घातले, आणि ‘एफ-ऑफ-आर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांतांत, जेथे वक्रतेऐवजी, म्हणजे अवकाश किती वाकले आहे या मापाऐवजी, त्याचे एखादे फलन घेतले जाते, ते समीकरणांच्या पोटात दडून येते. आइन्स्टाईन यांची समीकरणे दुसऱ्या कोटीची अवकल समीकरणे आहेत, म्हणजे त्यांत बदलाच्या दराचा दर येतो, तर या सिद्धांतांची चौथ्या कोटीची होतात. ही वाढलेली कोटी म्हणजेच ते दडलेले क्षेत्र. ते आले की बर्कहॉफ यांचे प्रमेय सर्वसाधारणपणे लागू राहत नाही आणि गोळ्याभोवतीची उकल एकच असेल याची हमी उरत नाही. मुलांनी नकळत सुधारित सिद्धांताचा प्रयोग मांडला होता.

वाचकांना वाटेल, की मुळात सुधारणा हवीच कशाला. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांवरून १९९८ साली दिसून आले, की विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे. आणि दीर्घिकांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फारच वेगाने फिरतात, हे त्याच्याही आधीपासून ठाऊक होते. यासाठी एक तर न दिसणारे द्रव्य आणि ऊर्जा मानावी लागते किंवा गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागतो. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत आणि दोन्हींवर उत्तम माणसे काम करत आहेत.

यातली एक हकिकत जरा तपशिलाने सांगतो, कारण गोळ्याचा प्रश्न किती निसरडा आहे हे तीतून दिसते. २००३ साली शॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा सिद्धांत मांडला, की आइन्स्टाईन यांच्या वक्रतेत तिच्या व्यस्त प्रमाणात असलेले एक छोटे पद मिळवावे. वक्रता जेथे अत्यल्प, म्हणजे विश्वाच्या अफाट पसाऱ्यात, तेथे हे पद मोठे होते आणि प्रसरणाला वेग देते. सूर्याजवळ वक्रता मोठी असल्याने ते नगण्य ठरेल अशी अपेक्षा होती. काहींनी गणित करून दाखवले, की श्वार्झशिल्ड यांच्या उकलीत अतिसूक्ष्म वैश्विक स्थिरांक (प्रसरणाला वेग देणारा एक आकडा) घातलेली उकल, जी कोटलर यांनी १९१८ सालीच दिली होती, या नव्या समीकरणांतही चपखल बसते, आणि म्हणून सूर्यमालेत हा सिद्धांत सुखरूप आहे. त्याच वर्षी ताकेशी चिबा यांनी आक्षेप घेतला, की हा सिद्धांत म्हणजे वेष पालटलेला ब्रान्स-डिके सिद्धांतच आहे आणि सूर्याजवळ तो साफ चुकीचे उत्तर देतो. वाद तीन वर्षे चालला. २००६ साली एरिकसेक, स्मिथ आणि कामियोनकोव्स्की यांनी तो सोडवला, तोही अगदी शाळकरी म्हणावे अशा सावधपणाने: त्यांनी गणित सूर्याच्या पोटातून सुरू केले, आतली उकल पृष्ठभागापर्यंत आणली आणि बाहेरची उकल तिला शिवून घेतली. कोटलर यांची उकल बाहेरची समीकरणे पाळत होती हे खरेच, पण आतल्या सूर्याशी तिचा सांधा जुळत नव्हता. आइन्स्टाईन यांच्या सिद्धांतात बाहेरची उकल एकच असल्याने अशी चूक होऊ शकत नाही. येथे पुष्कळ उकली होत्या आणि निवडलेली सूर्याची नव्हती.

बरोबर उकलीतून निघाले ते असे. एका वस्तुमानामुळे अवकाश किती वक्र होते हे मोजणारा गॅमा नावाचा एक अंक आहे. आइन्स्टाईन यांच्या सिद्धांतात तो १ येतो आणि या सिद्धांतात अर्धा आला. सूर्याला घासून येणारा प्रकाशकिरण आइन्स्टाईन यांच्या मते १.७५ विकला वळतो, तो नव्या सिद्धांतानुसार सुमारे १.३१ विकला, म्हणजे तीन चतुर्थांशच वळला असता. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाचे रेडिओ संदेश २००२ साली सूर्याजवळून जात असताना मोजले गेले होते, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गॅमा १ पासून एक लाखात दोन-तीन भागांच्या वर ढळत नाही. तेथे तो सिद्धांत, निदान त्या रूपात, संपला. त्यासाठी विश्वाच्या कडेला जावे लागले नाही. आपलाच सूर्य पुरला.

त्यानंतरच्या सिद्धांतकर्त्यांनी धडा घेतला. जस्टिन खुरी आणि अमांडा वेल्टमन यांनी २००४ साली सरड्याच्या रंगबदलाची आठवण देणारी एक युक्ती मांडली, जिच्यात अदिश क्षेत्र दाट द्रव्यात जड आणि आखूड पल्ल्याचे होते व विरळ अवकाशात हलके व लांब पल्ल्याचे. सूर्यासारख्या दाट गोळ्यात मग आतल्या वस्तुमानाचा या क्षेत्रापुरता काही उपयोग राहत नाही. पृष्ठभागालगतचा अगदी पातळ थर तेवढा जादा ओढ निर्माण करतो. ज्वारीची भाकरी फुगल्यावर वर जो पापुद्रा सुटतो, तेवढाच भाग कामाचा आणि बाकीची भाकरी असून नसल्यासारखी, असे काहीसे हे आहे. वेन हू आणि इग्नासी साविकी यांनी २००७ साली दिलेला एफ-ऑफ-आर सिद्धांत या पापुद्र्याच्या जोरावरच सूर्यमालेत तग धरतो. मला ही युक्ती मनापासून सुंदर वाटते, आणि तिच्यामुळे सिद्धांताची कसोटी घेणे अवघड होते हेही तितकेच खरे आहे.

दीर्घिकांच्या बाबतीत गणितज्ञ हर्मान वाइल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारित गुरुत्व सिद्धांताचे उदाहरण सांगता येईल. फिलिप मॅनहाइम आणि डिमॉस्थेनिस काझानास यांनी १९८९ साली त्याची गोलीय सममित उकल काढली, तेव्हा श्वार्झशिल्ड यांच्या पदाशेजारी अंतराबरोबर वाढत जाणारे एक पद मिळाले, आणि त्या आधारे कृष्णद्रव्याशिवाय, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याशिवाय, दीर्घिकांच्या कडेचा वेग समजावून सांगण्याचा प्रयत्न झाला. तो वाद अजून मिटलेला नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या मथळ्याकडे वळतो. १० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातल्या, सूर्याच्या सुमारे साडेसहाशे कोटी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराची प्रतिमा प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या तेजस्वी कड्याचा व्यास सुमारे ४२ विकलांचा दहा लाखावा भाग आहे, आणि आइन्स्टाईन यांच्या सिद्धांतातून मिळणाऱ्या आकाराशी तो जुळतो. ही मोठीच कामगिरी आहे. पण स्टीफन हॉकिंग यांनी १९७२ सालीच दाखवले होते, की ब्रान्स-डिके सिद्धांतातले स्थिरावलेले कृष्णविवर आइन्स्टाईन यांच्या कृष्णविवरासारखेच असते, आणि २०१२ साली सोतिरिऊ आणि फराओनी यांनी तेच एफ-ऑफ-आरसारख्या आणखी बऱ्याच सिद्धांतांसाठी सिद्ध केले. आइन्स्टाईन यांचा सिद्धांत आणि हे सिद्धांत यांत निवाडा करायचा तर ती प्रतिमा मुकीच राहते. आइन्स्टाईन यांच्याकडे तारा आणि तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर यांचे बाहेरचे गुरुत्वाकर्षण तंतोतंत सारखे असते, तर अदिश क्षेत्राच्या सिद्धांतांत ताऱ्याभोवती ते क्षेत्र पसरते आणि कृष्णविवराभोवती पुष्कळदा पसरतच नाही. म्हणून न्यूट्रॉन तारा आणि श्वेतबटू या ताऱ्यांच्या दाट अवशेषांच्या जोड्यांवरची निरीक्षणे या सिद्धांतांना अधिक कडक कसोटीला लावतात, पण त्यांना प्रतिमा नसते आणि म्हणून बातमीही होत नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. ज्याच्यातून प्रकाश बाहेर वाहतो आहे अशा ताऱ्याभोवतीचे अवकाश रिकामे नसते, म्हणून तेथे श्वार्झशिल्ड यांची उकल पुरत नाही. ती उणीव १९४३ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी भरून काढली, आणि त्यासाठी ते काशी हिंदू विश्वविद्यालयात ज्यांच्याकडे गेले ते विष्णु वासुदेव नारळीकर आपल्या कोल्हापूरचे. त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांनी १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले तेव्हा आलेल्या बहुतेक लेखांत त्यांच्या विज्ञानकथांविषयी भरभरून आणि त्या सिद्धांताविषयी एखाद-दुसरे वाक्य होते, याचे मला वाईट वाटले. गोल कृष्णविवराला धक्का दिला तर ते ठरावीक स्वरात निनादून शांत होते, हे १९७० साली दाखवणारे सी. व्ही. विश्वेश्वरा हेही भारतीयच.

मनात सलणारी एक गोष्ट लिहितो. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याला एका मुलाखतीत विचारण्यात आले, की सोलापुरात बसून आइन्स्टाईन यांच्या समीकरणांचे काय करणार? तो गप्प राहिला आणि नंतर त्याने विषयच बदलला. श्वार्झशिल्ड यांच्यापाशी आघाडीवर कागद-पेन्सिलच होती, आणि आज तर या विषयातले जवळजवळ सगळे शोधनिबंध खुल्या संग्रहांवर फुकट वाचता येतात. त्याच वेळी आमच्या क्षेत्रातली एक खोडही कबूल केली पाहिजे: नवे फलन घ्यायचे, नवी उकल काढायची आणि गॅमा किती येतो हे न पाहताच प्रबंध बांधून टाकायचा, असे काम पुष्कळ होते. सूर्याशी सांधा न जुळवलेली उकल ही उत्तरपत्रिकेत आकडेमोड करून उत्तर न लिहिण्यासारखी आहे.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण हिंगोली आहे. औंढा नागनाथ परिसरातल्या, गुरुत्वीय लहरी टिपणारे यंत्र उभारण्याच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. आइन्स्टाईन यांची गुरुत्वीय लहर वाटेतले वर्तुळ एका दिशेने ताणते आणि काटकोनातल्या दिशेने आकसवते. अदिश क्षेत्राची लहर मात्र सगळे वर्तुळ एकदम फुगवते आणि एकदम आकसवते, त्या मुलीच्या ज्वारीच्या दाण्यांसारखी. अमेरिकेतली दोन शोधयंत्रे जवळपास एकाच धाटणीने रोखलेली असल्याने हे दोन प्रकार वेगळे ओळखायला त्यांना इतर ठिकाणच्या यंत्रांची मदत लागते, आणि हिंगोलीचे यंत्र त्या कामी मोलाचे ठरेल. तिच्या प्रश्नाचे निरीक्षणातले उत्तर शोधण्याच्या कामात मराठवाड्याच्या मातीतल्या यंत्राचाही वाटा असेल.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे, की गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताची बातमी हाती येईल तेव्हा तीन गोष्टी विचारून मगच मथळा द्यावा: एकट्या गोल ताऱ्याभोवतीची उकल काढली आहे काय, ती ताऱ्याच्या आतून बाहेरपर्यंत जोडली आहे काय, आणि तीतून गॅमा किती येतो. उत्तरे मिळाली नाहीत तर तसे बातमीत लिहावे. उत्तरे तपासून पाहायला माणूस लागला, तर मी घरीच असतो आणि मोबदल्याची अपेक्षा नाही. त्या शाळेलाही मी कळवले आहे, की चादर, गोळा आणि ज्वारी पुढच्या प्रदर्शनात तशीच ठेवावी, फलक तेवढा बदलावा आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडूनच तो लिहून घ्यावा.

आपला विश्वासू,
गणिताचा एक निवृत्त प्राध्यापक,
सोलापूर